दोन मीटरवर उभी राहा

१२ जून

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. आधीच सांगते, तुला 'तू' म्हणते आहे ते रागाने नाही. संसारात 'अहो' म्हणायचे तेव्हा समोरचा माणूस कधीतरी कान देईल अशी आशा होती. आता संसारही नाही आणि आशाही नाही, तेव्हा 'तू'वर भागवू.

इतक्या वर्षांनी पत्र लिहिलंस आणि पहिलंच वाक्य काय, तर 'निगेटिव्हचा लाकडी डबा तुझ्याकडेच असेल ना?' बाई जिवंत आहे का, कुठे काम करते, गुडघे दुखतात का, याची साधी विचारपूस नाही. डबा खुशाल आहे. कपाटाच्या वरच्या खणात असतो. ओल लागू नये म्हणून आत टाकायच्या पुड्या मी अधूनमधून बदलते. का बदलते ते विचारू नकोस. मी एका छापखान्यात पुस्तकबांधणीला आहे, तिथे नव्या मशीनच्या खोक्यांतून त्या पुड्या फुकट मिळतात, म्हणून समज.

दुसरं पान वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणे आपल्या जुन्या ट्रायल रोलमधले काही फोटो तू एका प्रदर्शनात लावलेस, लोक त्यांच्यासमोर थांबले, आणि आता कोणी प्रकाशकबाई त्यांचं पुस्तक करणार आहेत. नाव 'दोन मीटर'. पानोपानी मी, हातात पाटी घेऊन. आणि प्रस्तावनेत माझा उल्लेख 'माझी तेव्हाची सहचारिणी'. अरे, अडीच वर्षं मला खडूच्या एका खुणेवर उभी करून ठेवलीस, आणि आता सहचारिणी कसली?

त्या बाईंना ठाऊक नसेल तर तूच सांग त्यांना. आठवडाभर दंतवैद्याच्या हाताखाली कवळ्या बनवायच्या आणि रविवारी घरी कॅमेरे, हा तुझा कारखाना. प्लायवुडची पेटी, तिला कुठल्या तरी मोडक्या कॅमेऱ्याची लेन्स, मध्ये मी घड्या घालून चिकटवलेला काळ्या कापडाचा भाता, मागे रुंद फिल्मचा रोल. एका रोलवर चौकोनी बारा फोटो. रोल फिरवायची चावी कवळीच्या गुलाबी प्लास्टिकची, नुसत्या हिरड्यांनी हसणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. त्या पेटीला आपण ठोकळा म्हणायचो. पहिला ठोकळा, दुसरा ठोकळा, असे पाच झाले. आणि प्रत्येक नव्या ठोकळ्यासमोर उभं राहायला मी होतेच. ना पगार, ना सुट्टी.

पाटीवर अंतर, लेन्सचा आकडा, फ्रेमचा नंबर. "दोन मीटरवर उभी राहा. हनुवटी वर. हलू नकोस. बोलू पण नकोस." तुझ्या हातचा माझा एकही फोटो नाही. तू काढलेस ते ठोकळ्याचे फोटो. मी त्यांत सापडले, एवढंच.

तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे. परवानगीसाठी पाठवलेला सहीचा कागद कोराच परत पाठवते आहे.


२ जुलै

तुझ्या प्रकाशकबाईंचा परवा फोन आला. गोड बोलतात हो. "ताई, तुम्ही एकदा नुसतं बघा तरी. मग काय ते ठरवा." त्यांनी तुझ्याकडच्या जुन्या प्रिंटवरून केलेली नमुन्याची पानं पाठवली, तुझ्या प्रस्तावनेसकट. मी ती छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाहिली. आमच्या फोरमनने खांद्यावरून डोकावून विचारलं, "ही कोण, तुमची धाकटी बहीण का?" मी हो म्हटलं.

आता प्रस्तावनेबद्दल. 'ती प्रत्येक फ्रेममध्ये थोडी थोडी विरत जाते. मागचं घर स्पष्ट होत जातं आणि घरातली बाई धूसर.' वा! बाई म्हणाल्या की या ओळींवर त्यांच्या ऑफिसात सगळे गप्प झाले होते. मी मात्र इतकी हसले की फोरमनने पाण्याचा ग्लास आणून दिला. विरत कुठे जात होते मी? चांगली बासष्ट किलोंची बाई तुझ्यासमोर ठाण मांडून उभी होती. तुझा फोकस मागे पडत होता.

आठवतं ना, मागे स्वयंपाकघराचं दार होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. प्रत्येक फोटोत दाराची कडी स्पष्ट. दारामागच्या खिळ्यावरचा टॉवेल इतका स्पष्ट की त्याचे निघालेले धागे मोजावेत. मी तेवढी धुक्यात. तू कधी लेन्सला शिव्या घातल्यास, कधी फिल्मला, कधी मला. "हललीस तू!" किती वेळा म्हणालास हे. मी श्वास रोखून उभी राहायला शिकले. तरी आपली मी हललेलीच.

आणि मग प्रस्तावनेत तो चमत्कार येतो. 'अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर एका रविवारी मी फिल्मच्या खाली पोस्टकार्डाची एक पातळ पट्टी सरकवली, आणि ती पहिल्यांदा स्पष्ट झाली.'

हे वाचून मात्र हसू पळालं. म्हणून आज लिहायला बसले आहे, नाहीतर तुझ्या पुस्तकाचं तू बघून घे म्हणून हात झटकले असते.

पट्टीने काहीही झालं नव्हतं. काच उलटी होती. ती दुधी काच, जी तू ठोकळ्याच्या मागे लावून तिच्यावर माझं चित्र बघायचास, फोकस जमवायचास, आणि मग काच काढून त्या जागी रोल बसवायचास. चित्र उमटतं ते काचेच्या खरखरीत बाजूवर. ती बाजू लेन्सकडे हवी, म्हणजे ती बरोबर फिल्मच्या जागेवर येते. तू गुळगुळीत बाजू लेन्सकडे केली होतीस आणि खरखरीत आपल्या डोळ्यांकडे. काचेवर सगळं ठीक दिसायचं, फिल्मवर काचेच्या जाडीचा घोळ व्हायचा. ठोकळे पाच झाले, काच मात्र पहिल्या दिवसापासून तीच आणि तशीच, एकातून काढून दुसऱ्यात.

मला हे पुसताना कळलं. फडक्याचे धागे अडकत होते ते बाहेरच्या बाजूला. मग आगपेटीची काडी घेतली, ठोकळ्याच्या मागून एकदा काचेपर्यंत आत घालून खूण केली, एकदा फिल्मपर्यंत. दोन खुणा जुळेनात. तुला सांगायला आले तर तू कवळीला पॉलिश करत होतास, मान वर न करता म्हणालास, "तू फक्त उभी राहा. मोजमापाचं मी बघतो." पुढच्या शनिवारी तू कवळ्या पोचवायला गेलास तेव्हा मी चौकटीचे चार स्क्रू सोडवले, काच फिरवली, स्क्रू परत लावले. काम पाच मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोस्टकार्डाची पट्टी लावलीस आणि तुझा चमत्कार झाला. अरे, काचेची जाडी कुठे आणि पोस्टकार्ड कुठे! गणित तरी करून बघायचंस.

मी तेव्हा बोलले नाही. कारण तो रविवार कोणता होता ते तुला माहीत आहे.

आणि लेन्स? प्रस्तावनेत म्हणतोस, 'जुन्या बाजारात मिळालेली एक अनामिक लेन्स.' पाचव्या ठोकळ्याची लेन्स माझ्या बाबांच्या घडीच्या कॅमेऱ्याची होती. बाबांनी तो तुझ्या हातात विश्वासाने दिला होता, भाता फाटला होता म्हणून. "जावईबापू, तेवढा भाता लावून द्या. सगळ्यांना एकत्र बसवून एक फोटो काढायचाय." नवा भाता मी एका दुपारी शिवून ठेवला होता. पण तोवर तू त्या कॅमेऱ्याची लेन्स उपटून ठोकळ्यात बसवली होतीस. बाबा दर भेटीत विचारायचे, "झाला का हो आमचा कॅमेरा?" आणि तू म्हणायचास, "लेन्स टेस्टिंगला आहे, बाबा." ते बिचारे मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, केवढं बारकाईचं काम चाललंय आपल्या कॅमेऱ्यावर. बाबांचा कॅमेरा लेन्सशिवाय तुझ्या टेबलापाशी पडून होता, डोळा काढलेल्या माणसासारखा, आणि मी जेवण वाढताना त्याच्यावरून पाय उचलून जायची.

म्हणून आता ऐक. निगेटिव्हचं पुढचं पुढे. आधी बाबांची लेन्स परत पाठव.


१९ जुलै

लेन्स मिळाली. एवढ्या लवकर पाठवशील असं वाटलं नव्हतं, म्हणजे पुस्तकाची घाई चांगलीच दिसते.

आत बुरशी धरली आहे. उजेडाकडे धरली तर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. छापखान्याचा फोटोग्राफर म्हणाला, काचेत खोल गेलीय, पुसून जाणार नाही. तू ती बंद खोक्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली असणार. माझ्याकडच्या पुड्यांपैकी एक पुडी जरी टाकली असतीस तरी वाचली असती.

सोबत पत्र नाही, फक्त चिठ्ठी. 'मुखपृष्ठावर शेवटच्या रोलमधली नववी फ्रेम घ्यायची आहे. प्रकाशकबाई तिच्यावरून नजर काढत नाहीत. माझ्याकडे फक्त जुना छोटा प्रिंट आहे, तेव्हा मूळ निगेटिव्ह लागेल. पण काही केल्या आठवत नाही, तू त्यात अशी का बघते आहेस?'

चिठ्ठी तीनदा वाचली. तुला आठवत नाही?

मला आता कामावर जायचं आहे. तिथे हातात कात्री असते, डोकं जाग्यावर हवं. बाकीचं नंतर लिहिते.


२१ जुलै

आठवत नाही तर सांगते. नीट बसून वाच, पॉलिश करता करता वाचू नकोस.

रविवार होता. ढग होते आणि खिडकीतून तुला आवडायचा तसला मऊ उजेड येत होता. मी काच फिरवलेली होती, तुला पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात खूश होते. आज फोटो धुतल्यावर याचा चेहरा बघायचा आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. चांगली फजिती करणार होते तुझी. पहिल्या फ्रेमपासून तू नेहमीसारखा खेकसत होतास. हनुवटी वर, पाटी खाली, हसू नकोस. आठवी फ्रेम झाली आणि बाहेर फोन वाजला.

दादाचा आवाज मी ओळखला पण त्याने माझं नाव घेतलं नाही. म्हणाला, "बाबा गेले गं." मी विचारलं, "कुठे?" इतकी मी बावळट. तो म्हणाला, "चहा घेत होते. कप खाली ठेवला आणि गेले. मी गाडी घेऊन निघतोय, तासाभरात येतो तुला न्यायला. तयार राहा."

मी फोन ठेवला आणि खोलीच्या दारात येऊन तुला सांगितलं. मागचा आकडा बघत रोल फिरवायला तू काळ्या कापडाखाली शिरला होतास, त्यातून डोकं बाहेर काढलंस. माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "अरेरे," म्हणालास. एवढं मी तुझ्या पदरात टाकते, अरेरे म्हणाला होतास. मग विचारलंस, "दादा कधी येतोय?"

"तासाभरात."

तू खिडकीकडे पाहिलंस. मग ठोकळ्याकडे. मग म्हणालास, "चारच फ्रेम राहिल्यात. रोल असा अर्धवट सोडला तर मागून उजेड शिरेल, सगळाच फुकट जाईल. दोन मिनिटं. उभी राहा."

आणि मी उभी राहिले.

लोकांना सांगितलं तर विचारतील, बाई, तू तोंडात का नाही मारलीस त्याच्या? मीही स्वतःला विचारलंय. खरं सांगू? पाय आपोआप त्या खडूच्या खुणेवर गेले. अडीच वर्षांची सवय. बाबा गेले म्हणजे आता काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. पण 'उभी राहा' म्हटल्यावर काय करायचं ते माहीत होतं. तू पाटीवरचा आठ पुसून नऊ लिहिलास आणि पाटी माझ्या हातात दिलीस. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता हा कापडातून बाहेर येईल आणि म्हणेल, जाऊ दे, ये इकडे. शटरचा आवाज आला. नववी फ्रेम ही. त्यात मी 'अशी' बघते आहे ती तुझ्याकडे, आणि वाट बघते आहे. दहावीत वाट बघणं संपलं होतं, म्हणून ती तुझ्या बाईंना तितकी आवडली नसावी.

दादा आला. तू म्हणालास, "तू हो पुढे, मी मागून येतोच." तू आलास दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबांना निरोप देऊन आम्ही सगळे घरी परत आल्यावर. का नाही आलास ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मला मात्र कळलं, कारण तुझ्या बोटांना औषधाचा वास येत होता. रात्रीच रोल धुऊन प्रिंट काढले होतेस. घर माणसांनी भरलेलं, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि तू मला कोपऱ्यात ओढून खिशातून एक प्रिंट काढलास. डोळे चमकत होते तुझे. हळूच म्हणालास, "जमलं! बघ ना, पापण्या मोजता येतात."

दादा मागेच उभा होता. त्याने ऐकलं. तो आजतागायत तुझं नाव घेत नाही. 'तो पापण्यावाला' म्हणतो.

काचेची गंमत तुला सांगायची राहून गेली ती अशी.

चार महिन्यांनी मी बॅग भरली, डबा बगलेत मारला आणि निघाले. तेव्हा तू दारात उभा राहून विचारलं होतंस, "पण झालं तरी काय?" मी उत्तर दिलं नव्हतं. हे त्या प्रश्नाचं उत्तर समज. जरा उशीर झाला.

आता एक मनातलं सांगते. एवढं सगळं होऊनही माझी तुझ्याबद्दल एक समजूत होती. मी आईला, दादाला, स्वतःला सांगायची, तो वाईट नाही, वेंधळा आहे. त्याला ठोकळ्यापलीकडे काही दिसतच नाही. घराला आग लागली तरी हा आधी उजेड किती आहे ते बघेल. दुष्टपणा करायला माणसाचं आधी दुसऱ्याकडे लक्ष तरी असावं लागतं. या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. तुझ्या चिठ्ठीतलं 'आठवत नाही' वाचून राग आला, पण मग असंही वाटलं की चला, समजूत बरोबरच होती. नाहीच आठवत बिचाऱ्याला.

नमुन्याच्या पानांवरून दिसतं की या फोटोखालीही तू 'दोन मीटर, ढगाळ' एवढंच लिहिणार आहेस. मी परवानगी देईन, पण एका अटीवर. त्याखाली खरं काय घडलं ते चार ओळींत छापायचं. माझ्या शब्दांत. काच कुणी फिरवली तेही. कबूल असेल तर कळव.


१४ ऑगस्ट

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज एकदा उघडते, परत ठेवते. शेवटी काल दादाला वाचून दाखवलं. तो उठून गॅलरीत गेला.

तू लिहिलंस, 'मला सगळं आठवतं. तू स्वतःहून सांगतेस का ते बघायचं होतं, म्हणून तसं विचारलं.'

तू लिहिलंस, 'रोलचं कारण खोटं होतं. तू ठोकळ्याच्या फटींवर लावलेल्या मखमलीमुळे उजेड कुठूनच शिरत नव्हता, तो रोल महिनाभर राहिला असता. पण तू फोन ठेवून दारात आलीस आणि मला दिसलं की हा चेहरा पुन्हा कधी मिळणार नाही. माझ्या आयुष्यात मी काढलेला तो एकच खरा फोटो. तू हातांनी काम करणारी बाई आहेस, तुला यातलं मोठेपण कळेल. खाली ओळी नकोत. त्यांनी फोटोचा जीव जाईल.'

मखमलीचं मला सुचायला हवं होतं. माझ्या काळ्या ड्रेसची मखमल होती ती. मीच कापली, मीच कडेकडेने चिकटवली, मीच अंधारात दिवा लावून तपासली. मला ठाऊक होतं की उजेड शिरत नाही. तरी तू 'शिरेल' म्हणालास आणि मी मान्य केलं. इतकी वर्षं एकदाही हा हिशेब लावला नाही.

तू विसरला असतास तर बरं झालं असतं. मनापासून सांगते. विसरभोळ्या माणसाबरोबर मी संसार केला असं म्हणत मी म्हातारी झाले असते आणि सुखाने मेले असते. तुझ्या पत्राने तेवढंही ठेवलं नाही. अडीच वर्षं मी रडकुंडीला यायची की याला मी दिसतच नाही. काचेवर चित्र उलटं पडतं ना, मी गमतीने म्हणायची, नवऱ्याने मला कायम डोकं खाली पाय वर अशीच पाहिलीय. आणि ज्या एका दिवशी मी तुला दिसले, अगदी आतपर्यंत दिसले, त्या दिवशी तू जवळ यायचं सोडून परत कापडाखाली गेलास. तुला कळलं होतं. कळूनसवरून पाटी हातात दिलीस. मला तुझा इतका राग आला आहे की लिहिताना कागद फाटतोय, खालची ओळ बघ.

प्रकाशकबाईंना मी काल फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, पण खरं सांगते, आता तर तो फोटो आणखीच मोठा वाटतो." मी म्हटलं, बाई, तुमचं आणि त्याचं छान जमेल.

आता निर्णय. तू कधी माझं ऐकून घेतलं नाहीस, निदान वाचून घे.

तू पुन्हा पाठवलेला सहीचा कागद सोबत आहे, सही केलेला. ज्या रोलमध्ये मी धूसर आहे ते सगळे रोल पाठवते आहे, एकही मागे ठेवलेला नाही. कडी, टॉवेल, दाराची चौकट, सगळं सुरेख आलंय. छाप. त्यांच्याखाली विरत जाणाऱ्या बाईबद्दल हवं तेवढं लिही, माझी हरकत नाही, कारण तुझ्या त्या फोटोंत मी नाहीच. पोस्टकार्डाच्या पट्टीचा चमत्कार मात्र काढून टाक. ती स्पष्ट झाली असं लिहिशील तर लोक विचारतील, कुठे आहे ती? आणि दाखवायला तुझ्याकडे काही नसेल.

शेवटचा रोल मी ठेवते आहे. सहीच्या कागदावर त्याच्यापुढे 'नाही' लिहून खाली पुन्हा सही केली आहे, म्हणजे वाद नको. तुझ्याकडचा तो छोटा प्रिंट कुठे छापलास तर मी दादाला आवरणार नाही. नववी, दहावी, अकरावी, बारावी मी पाकिटात घालून पाकीट शिवून टाकलं, आमच्या बांधणीच्या दोऱ्याने. ते माझ्या हयातीत कुणी उघडणार नाही. फाडून टाकावं असंही मनात आलं होतं, पण हात झाला नाही. काही झालं तरी बाबा गेले त्या वेळी माझ्याजवळ कोणी होतं याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही, आणि तो पुरावा खोटा आहे हे आता मला माहीत आहे, तेवढं पुरे.

आठव्या फ्रेमचा मात्र छापखान्याच्या फोटोग्राफरकडून मोठा प्रिंट करून घेतला. तो म्हणाला, कॅमेरा कुठला हो, काय लेन्स आहे! फोटोत मी तुझ्यावर वैतागलेली आहे, ओठ मुडपलेत, पाटी वाकडी धरलीय, आणि तरी आतून हसू फुटतंय, कारण काचेची गंमत पोटात आहे. पापण्या मोजता येतात. तो प्रिंट मी दादाला दिला. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "किती छान आलीयस गं. हा कधीचा?"

मी म्हटलं, "बाबा होते तेव्हाचा."